लांछन

आपल्या भाषेत ‘लांछन’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. घराण्याला लांछन लागलं असं आपण म्हणतो तेव्हा तो डाग असतो, कलंक असतो. पण बस्तीत पाऊल टाकलं की हाच शब्द पवित्र होतो. तीर्थंकरांच्या मूर्ती पाहा. तेच पद्मासन, तीच ध्यानमुद्रा, तीच नासाग्र दृष्टी. मग हे कोण आणि ते कोण, हे सांगायचं कसं? पीठावरच्या लहानशा खुणेवरून. बैल दिसला की आदिनाथ, हरीण दिसलं की शांतिनाथ, शंख दिसला की नेमिनाथ, सिंह दिसला की महावीर. त्या खुणेलाच लांछन म्हणतात. लहानपणी आम्हाला हात जोडायच्या आधी वाकून पीठाकडं बघायला शिकवलं होतं.

ओळख आणि डाग, दोन्हींसाठी एकच शब्द का असावा? या प्रश्नानं गेलं वर्षभर माझा पिच्छा पुरवला आहे. आणि तो माझ्यामागं लावला एका जुन्या पिस्तुलानं. तुम्ही म्हणाल, घरात झुरळ निघालं तर सुपलीत धरून बाहेर सोडणाऱ्या बाईला पिस्तुलाशी काय करायचंय? तेच सांगते.

माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. धातूवर अक्षरं आणि नक्षी कोरून देणाऱ्या एका लहान कारखान्यात तो काम करतो. कप, पदकं, दारावरच्या पाट्या, यंत्रांवरचे आकडे, असं सगळं. एके दिवशी त्याच्याकडं एक गिऱ्हाईक आलं. हातात जुन्या लष्करी पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ज्याला स्लाइड म्हणतात. त्यावरची अक्षरं जवळजवळ पुसलेली. गिऱ्हाइकाचं म्हणणं एवढंच, की अक्षरं आहेत तीच जरा खोल करून द्या. नवं काही लिहायचं नाही. पैसे मागाल तेवढे. भाच्यानं दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि रात्री मला फोन केला. “मावशी, यात खोटं काय आहे ते मला सांगता येत नाही, पण हात धजत नाही. तू सांग.”

मी लगेच काही सांगितलं नाही. आधी ती वस्तू काय आहे ते तर कळू दे, म्हटलं.

सिंगर हे नाव आपल्यापैकी प्रत्येकीला शिवणयंत्रामुळं ठाऊक आहे. याच सिंगर कंपनीनं एकदा पिस्तुलं केली होती. दुसरं महायुद्ध अमेरिकेच्या उंबऱ्याशी येऊन ठेपलं, तेव्हा तिथल्या सरकारनं शांततेच्या वस्तू करणाऱ्या कारखान्यांना थोडी थोडी शस्त्रं करायला सांगितली. वेळ आलीच तर हात बसलेला असावा, हा हेतू. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ शहरात सिंगरचा मोठा कारखाना १८७३ पासून होता. त्या कंपनीला ‘एम १९११ ए १’ या जातीची ५०० पिस्तुलं करायला दिली. ती १९४१ साली तयार झाली. क्रमांक एस ८००००१ ते एस ८००५००. काम चोख झालं. पण इतकं बारीक काम करणारा कारखाना पिस्तुलांत अडकवण्यापेक्षा विमानविरोधी तोफांचा नेम साधणारी यंत्रं त्याच्याकडून करून घ्यावीत, असं ठरलं. पिस्तुलं दुसऱ्या कारखान्यांकडं गेली आणि सिंगरचा आकडा पाचशेवरच थांबला.

याच जातीची पिस्तुलं दुसऱ्या कारखान्यांनी लाखांनी केली. नळी तीच, गोळी तीच, वजन तेच. डोळ्यांत भरणारा फरक म्हणजे स्लाइडवरच्या कंपनीच्या आणि गावाच्या नावाच्या दोन ओळी. एवढ्यावर इतर पिस्तुलं काही हजार डॉलरला जातात आणि सिंगरचं लाख डॉलरच्या पुढं. भाच्याकडं आलेली ती पुसट अक्षरं सिंगरची म्हणून सांगितली जात होती. ज्या बाजारात किंमत वस्तूची नसून तिच्यावरच्या अक्षरांची असते, तिथं अक्षरांचे चोर येणारच.

दुसरं उदाहरण जर्मन लुगर पिस्तुलाचं. स्वित्झर्लंडच्या सैन्यानं ते १९०० साली घेतलं, जर्मन सैन्यानं १९०८ साली. त्याच्या अगदी बारक्या भागांवरसुद्धा पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. सगळे आकडे जुळले तर संग्राहक खूष आणि किंमत वर. युद्धाच्या धामधुमीत एखादा भाग मोडला, दुसऱ्या पिस्तुलाचा काढून बसवला, तर आकडा जुळत नाही. मग कुणीतरी कानशीनं तो आकडा घासतो आणि हवा तो ठोकतो.

हे ओळखतात कसं, ते भाच्यानं मला समजावलं आणि मग मी वाचतही गेले. खरं सांगू का, त्यात आपल्याला अवघड असं काही नाही. बाजारात वांगं निवडणारी बाई हे सगळं करतेच.

धातूवर अक्षर दोन रीतींनी येतं. ठसा दाबून किंवा धातू कोरून काढून. मऊ कणकेत बोट दाबलं तर कणीक कुठं जात नाही, कडेला फुगून येते. पोलादाचंही तसंच. ठशानं उठवलेल्या अक्षराच्या कडेला अगदी बारीक उंचवटा असतो. कोरलेल्या अक्षरात धातू निघूनच जातो, कडेला तो फुगवटा येत नाही. म्हणून जाणकार आधी भिंग घेतात आणि उजेड तिरपा धरतात. समोरून पडलेल्या उजेडात सगळंच बरं दिसतं.

जुना आकडा घासून काढला असेल तर तिथं थोडा खळगा राहतो. पोलादी पट्टी आडवी टेकवायची आणि मागून दिवा धरायचा. खालून उजेड झिरपला की समजायचं, इथं काहीतरी होतं.

मग ब्लूइंग बघायचं, म्हणजे गंज चढू नये म्हणून पोलादाला दिलेला निळसर काळा रंग. शिक्का आधीचा की रंग आधीचा, हा प्रश्न. काही वर्षांच्या जर्मन पिस्तुलांवर तपासणीचे शिक्के रंग दिल्यानंतर मारलेले असत, म्हणून शिक्क्याभोवती फिकट कडं दिसतं. कुणी पुन्हा नवा रंग चढवला तर ते कडं नाहीसं होतं. चांदण्या रात्री चंद्राला खळं असतं ना, तसं ते. दिसलं तर धीर येतो.

त्यानंतर झीज. वस्तूचे कोपरे झिजून पांढरे पडलेत आणि अक्षरं मात्र कालच्या लग्नपत्रिकेसारखी टवटवीत, असं कसं होईल? शेवटी संगत. १९४१ सालच्या म्हणवणाऱ्या पिस्तुलाला नंतरच्या वर्षांत बदललेले भाग आहेत का? सिंगरच्या पिस्तुलावर तपासणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याची ‘जे. के. सी.’ ही आद्याक्षरं असायला हवीत, ती आहेत का, आणि त्यांचं वळण बरोबर आहे का?

यातली एक गोष्ट मला फार आवडली. मुरलेला जाणकार “हे खरं आहे” असं पटकन म्हणत नाही. ‘ठशाच्या कडा बघता बरोबर वाटतं’, ‘रंग बघता शंका आहे’, असं बोलतो. ज्या बाजूनं पाहिलं तेवढ्यापुरतंच बोलायचं, हे आपल्याकडं स्याद्वादात लहानपणापासून सांगतात. बंदुकीच्या बाजारात ते कुणी पाळत असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आणखी एक. ठसा जोरानं बसतो तेव्हा त्याच्या खालचा धातूही दबतो, डोळ्यांना दिसतं त्याच्याही खाली. म्हणून कानशीनं घासून सपाट केलेला आकडासुद्धा कायमचा गेलेला नसतो. पोलिसांच्या प्रयोगशाळेत त्या जागेवर विशिष्ट आम्लाचं द्रावण फिरवतात. दबलेला धातू आणि न दबलेला धातू वेगवेगळ्या वेगानं झिजतात आणि बऱ्याचदा गेलेला आकडा सावलीसारखा वर येतो. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. कर्माचा बंध आत्म्याला चिकटतो म्हणून महाराज सांगतात, तेव्हा आपण मान डोलावतो. पोलादालाही तो चिकटतो, हे नवीन कळलं.

आता मूळ प्रश्नाकडं येते. खोटी खूण उमटवण्यात नेमकं पाप कोणतं? भाद्रपदात दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. प्रत्येक अणुव्रताचे पाच पाच अतिचार त्यात सांगितले आहेत. सत्याच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ येते, म्हणजे खोटं लिखाण तयार करणं. अचौर्याच्या अतिचारांत ‘प्रतिरूपकव्यवहार’ येतो, म्हणजे अस्सल म्हणून नकली माल चालवणं. इतकी वर्षं मी हे ऐकत आले. पण नकली माल खोटेपणात न घालता चोरीत का घातला, हे कधी मनात आलं नव्हतं. खोट्या शिक्क्याचं पिस्तुल दोन्हीकडं बसतं. शिक्का म्हणजे खोटं लिखाण आणि विक्री म्हणजे चोरी.

पण चोरी कुणाची? घेणाऱ्याच्या पैशाची, हे उघड आहे. तरी मला वाटतं ती सगळ्यांत लहान चोरी. त्याच्याकडं पैसे होते, हौस होती, फसला.

दुसरी चोरी खऱ्या पाचशे पिस्तुलांची. समजा कुणा नातीकडं आजोबांचं खरंखुरं सिंगर आहे. बाजारात खोटी वाढली की तिच्याकडंही लोक संशयानं बघतात. कागद दाखवा, फोटो दाखवा, शपथ घ्या. खोट्यामुळं खऱ्याला आरोपीसारखं उभं राहावं लागतं. सोन्याच्या बाबतीत आपण हे अनुभवलं आहे. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी असल्याशिवाय सराफाला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ही वेळ का आली? बावीस कॅरेट सांगून कमी कसाचं देणारे काही जण होते म्हणून. त्यांच्यापायी प्रामाणिक सराफालाही यंत्राखाली मान घालावी लागली.

तिसरी चोरी जे आता बोलू शकत नाहीत त्यांची. एलिझाबेथच्या कारखान्यात कुणीतरी कामगार त्या यंत्रापुढं उभा होता. कुणीतरी सैनिकानं ते पिस्तुल कमरेला लावलं असेल, त्याच्या हातानं ती अक्षरं झिजली असतील. दुसऱ्याच पोलादावर ते नाव उमटवणारा या माणसांचं आयुष्य उचलून तिकडं नेऊन ठेवतो. त्यांना विचारता येत नाही आणि ते तक्रारही करायला येत नाहीत. ज्याला परत मागता येत नाही त्याचं घेणं, याला चोरी नाही तर काय म्हणायचं? म्हणूनच आचार्यांनी ते चोरीत घातलं असावं, असं मला माझ्यापुरतं वाटतं.

आमच्या मंडळात मी हे बोलले तेव्हा एका ज्येष्ठ अक्कांनी रोखठोक विचारलं. “अगं, शस्त्र देणं-घेणं म्हणजे हिंसादान. अनर्थदंडात मोडतं ते. त्याच्यावरचं नाव खरं की खोटं, याची चिकित्सा आपण कशाला करायची? वितळवून टाका म्हणावं.”

त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. माझ्या घरात मी ती वस्तू ठेवणार नाही, भेट दिली तरी नाही. पण ती जगात आहे तोवर तिच्यावरची खूण म्हणजे हिंसेचा हिशेब आहे. कुणी केली, कुणाच्या हुकमानं केली, कुणाच्या हातात दिली. हिशेब खोडला की हिंसा कमी होत नाही, फक्त तिचा मालक सापडत नाही. आपल्या देशाच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातही बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण खोडणं, बदलणं, खोटी उमटवणं याला मनाई आहे, ती याचसाठी.

उलट प्रकारही घडतो आणि तो मला जास्त भयंकर वाटतो. हिटलरच्या एसएस दलाची दोन विजांसारखी खूण साध्या जर्मन पिस्तुलांवर मुद्दाम ठोकतात. कारण त्या खुणेला जास्त पैसे मिळतात. जाणकार अशी खूण दिसली की आधी संशयच घेतात. विचार करा, छळछावण्या चालवणाऱ्यांची खूण आहे म्हणून वस्तू महाग. ज्या वस्तूनं कदाचित कुणाला खरचटवलंही नसेल, तिला खोटं पाप चिकटवायचं आणि ते पाप विकायचं. इथं लांछनाचे दोन्ही अर्थ एकाच ठशात येतात.

तरी भाच्याचं कोडं सुटत नव्हतं. तो आकडा बदलणार नव्हता की नवं नाव घालणार नव्हता. होती तीच अक्षरं ठळक करायची होती. आपणही जुन्या वस्तू दुरुस्त करतोच की.

माझ्या सासूबाईंचं शिवणयंत्र सिंगरचंच आहे. क्रमांक वाय अक्षरानं सुरू होतो, म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. काळ्या अंगावरची सोनेरी नक्षी उजव्या बाजूला शाबूत आहे. पुढच्या बाजूला, जिथून कापड सरकतं तिथं मात्र पार गेलेली. चाळीस वर्षं परकर-पोलकी, उशांचे अभ्रे, गोधड्या तिथून गेल्या. हल्ली तशीच्या तशी नक्षी चिकटवायला मिळते. माझी मुलगी म्हणाली, लावून टाकू या, नवं दिसेल. मी म्हटलं, नवं दिसेल हे खरं, पण आजीनं केलेलं काम दिसायचं बंद होईल. त्या यंत्रावर सासूबाईंचं नाव कुठंच नाही. नक्षी जिथं नाही तीच त्यांची सही.

पण एवढ्यावर नियम करता येत नाही. बस्त्यांचा जीर्णोद्धार आपण पुण्याचा मानतो. पडकं शिखर तसंच ठेवा, झीज पवित्र आहे, असं कुणी म्हणत नाही. मग शिखर बांधलं तर पुण्य आणि अक्षर खोल केलं तर पाप, असं का? याचं उत्तर मला जीर्णोद्धारातच सापडलं. बस्तीच्या दाराशी बघा. कुणी, कोणत्या साली, कोणत्या महाराजांच्या प्रेरणेनं जीर्णोद्धार केला, याची फरशी बसवलेली असते. आपण तिला देणगीदारांची हौस समजून हसतो. पण ती फरशी फार प्रामाणिक काम करते. जुनं किती आणि आमचं किती, हे ती सांगते.

मी भाच्याला फोन केला. म्हटलं, “बाळ, काम करायला हरकत नाही. फक्त आतल्या बाजूला, वरून दिसणार नाही अशा जागी, बारीक अक्षरात ‘पुन्हा कोरले’ आणि साल घालतो म्हणून सांग. चालेल का विचार.”

त्यानं मालकाला विचारलं, मालक हो म्हणाला. गिऱ्हाइकाला विचारलं. ते आधी हसलं, मग चिडलं आणि मग तो भाग कापडात गुंडाळून निघून गेलं. विकायचं नाही, माझ्यापुरतं हवंय, असं म्हणणाऱ्या माणसाला आतली दोन बारीक अक्षरं का खुपली असतील? ज्याला दुरुस्ती हवी असते, त्याला दुरुस्तीची खूण चालते. ही कसोटी आपल्याकडंही लावून बघा. आईच्या पाटल्या मोडून नव्या केल्या, जुन्या पैठणीचे काठ नव्या साडीला लावले, पणजीच्या रेसिपीत आपण बदल केला. सांगायला जीभ अडखळत नसेल तर सगळं ठीक आहे.

भाच्याला याची किंमत मोजावी लागली. त्या गिऱ्हाइकानं ओळखीच्या लोकांची येणारी कामंही दुसरीकडं नेली. मालक उघड बोलला नाही, पण पुढचे दोन महिने जादा तासांचं काम भाच्याकडं आलं नाही. घरभाडं तिकडं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. बहीण माझ्याशी जरा तुटकच वागत होती.

एके रात्री त्याचा फोन आला. “मावशी, ते काम आत्तापर्यंत कुणीतरी करून दिलं असेल गं.”

“दिलं असेल,” मी म्हटलं.

“मग उपयोग काय झाला?”

मला एकदम काही सुचलं नाही. मग म्हटलं, “आपल्या व्रताला अणुव्रत म्हणतात, बाळ. अणूएवढं. जगातली चोरी थांबवायची असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. तुझ्या हातून झाली नाही, तेवढंच त्यात मावतं.”

तो थोडा वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, आजीचं शिवणयंत्र अजून चालतं का. मी म्हटलं, चालतं. तेल तेवढं घालावं लागतं.